परमिट वेळेत मिळालं, ३५० दिवसांनी

आधीच सांगतो, मी बंदूकवाला माणूस नाही. घरात चौदा वर्षांचा मुलगा आहे आणि आपल्या घरात पिस्तूल येणार नाही हे बायकोने आणि मी कधीच ठरवून टाकलंय. पण ओळखीच्या एका काकांच्या कॅरी परमिटच्या (म्हणजे पिस्तूल अंगावर घेऊन बाहेर फिरायच्या परवान्याच्या) अर्जावर मी रेफरन्स म्हणून नाव दिलं आणि त्यामुळे न्यू जर्सीतला हा सगळा कारभार आतून बघायला मिळाला, तो लिहून ठेवतोय कारण इकडे दुकानं, गॅस स्टेशन चालवणारे आपले बरेच लोक हाच प्रश्न विचारतात की "किती दिवस लागतात रे?" आणि त्याचं खरं उत्तर असं आहे की कुठल्या दिवसापासून मोजता त्यावर आहे.

काका मूळचे कराडकडचे, वय ५८, बरीच वर्षं सिटिझन, मिडलसेक्स काउंटीत राहतात आणि शेजारच्या टाउनमध्ये स्ट्रिप मॉलमध्ये त्यांचं लिकर स्टोअर आहे. (टाउन कोणतं ते लिहीत नाही, आणि ते महत्त्वाचंही नाही.) नोव्हेंबर २०२३ मध्ये रात्री दुकान बंद करून दिवसाची कॅश घेऊन गाडीकडे निघाले, जेमतेम चाळीस पावलं, तेवढ्यात दोन पोरांनी धक्का देऊन बॅग ओढली, काका पडले, मनगट मोडलं. पोलीस लगेच आले, नीट बोलले, रिपोर्ट झाला, पोरं काही सापडली नाहीत. त्यानंतर काकांच्या डोक्यात पिस्तूल शिरलं.

आता इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. न्यू जर्सीत स्वतःच्या घरात किंवा स्वतःच्या धंद्याच्या जागेत कायदेशीर घेतलेली बंदूक ठेवायला कॅरी परमिट लागत नाही. म्हणजे काका काउंटरमागे पिस्तूल ठेवू शकले असते. पण काकांवर हल्ला काउंटरवर झालाच नव्हता, तो झाला पार्किंगमध्ये आणि पार्किंग सगळ्या मॉलचं सामाईक. दुकानाच्या दारातून बाहेर पडून तीच वस्तू कमरेला लावून गाडीपर्यंत गेलं की परमिट पाहिजे, नसेल तर तो सेकंड डिग्रीचा गुन्हा, ५ ते १० वर्षं, आणि त्यात ग्रेव्ह्ज अॅक्ट लागतो म्हणजे काही वर्षं तर पॅरोलशिवाय आत काढावीच लागतात. म्हणजे सगळा खटाटोप त्या चाळीस पावलांसाठी.

थोडं मागचं सांगायला पाहिजे. २०२२ पर्यंत न्यू जर्सीत साध्या माणसाला कॅरी परमिट मिळणं जवळपास अशक्यच होतं, कारण "जस्टिफायेबल नीड" दाखवावी लागायची, म्हणजे तुम्हालाच, इतरांपेक्षा वेगळा असा खास धोका आहे हे सिद्ध करा. नुसतं "मी रात्री कॅश घेऊन जातो" हे चालायचं नाही. मग २३ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टाचा ब्रुएन खटल्याचा निकाल आला, ६ विरुद्ध ३. खटला न्यूयॉर्कच्या कायद्यावर होता पण तसाच कायदा असलेल्या सगळ्या राज्यांना तो लागू पडला आणि दुसऱ्याच दिवशी न्यू जर्सीच्या अॅटर्नी जनरलने सगळ्या पोलीस खात्यांना कळवलं की ही अट आता लावायची नाही. डिसेंबर २०२२ मध्ये गव्हर्नर मर्फींनी नवीन कायद्यावर सही केली, त्यात खास गरज दाखवायची अट गेली पण बाकी बरंच आलं: फी २०० डॉलर, तीनाऐवजी चार रेफरन्स, रेफरन्सचे इंटरव्ह्यू, कुठे कुठे बंदूक न्यायची नाही याची लांबलचक यादी (त्या यादीवर लगेच कोर्टात भांडण सुरू झालं तो वेगळा विषय). आधी शेवटचा शब्द जजचा असायचा, आता परमिट गावचा पोलीस चीफ देतो.

माझं मत विचाराल तर कायदा बदलला तेव्हा "नाही" हे उत्तर बंद झालं आणि त्याच्या जागी "अजून नाही" आलं. यात कोणाचा डाव वगैरे आहे असं मी म्हणत नाही. काकांच्या फाइलमध्ये तर एकही माणूस दुष्ट निघाला नाही, हीच गंमत.

पहिला टप्पा कॅरी परमिटचा नाहीच, तो बंदूक विकत घ्यायच्या परवानगीचा. फायरआर्म्स आयडी कार्ड ५० डॉलर, प्रत्येक हँडगनसाठी वेगळं पर्चेस परमिट २५ डॉलर. अर्ज ऑनलाइन, स्टेट पोलिसांच्या साइटवर, पण तपास करणार आपल्या गावचं खातं. दोन रेफरन्स, बोटांचे ठसे आणि मानसिक आरोग्याचे रेकॉर्ड बघायची संमती. काकांनी ६ फेब्रुवारी २०२४ ला अर्ज टाकला. कायद्यात लिहिलंय राज्यातल्या रहिवाशाला ३० दिवसांत निर्णय द्यावा. काकांना मिळालं १३ मे ला, ९७ दिवसांनी.

कुठे अडकलं? एक म्हणजे नाव. आपली नावं, नाव वडिलांचं नाव आडनाव, ही इकडच्या कॉम्प्युटरला कधी पचतच नाहीत. काकांच्या जुन्या ग्रीन कार्डवर वडिलांचं नाव मिडल नेम म्हणून पूर्ण, ड्रायव्हिंग लायसन्सवर ते अर्धं कापलेलं, नॅचरलायझेशन सर्टिफिकेटवर मिडल नेमच नाही. अर्जात विचारतात दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखले जाता का, काकांनी सरळ "नाही" लिहिलं, कारण त्यांच्या दृष्टीने ते एकच नाव आहे की. डिटेक्टिव्हच्या दृष्टीने ती तीन नावं. परत अर्ज दुरुस्त. दुसरं म्हणजे मानसिक आरोग्याचं रेकॉर्ड, ते काउंटीच्या अॅडजस्टर नावाच्या ऑफिसकडून तपासून येतं आणि काका आधी जर्सी सिटीत राहायचे म्हणजे दोन काउंट्या, एकीचं उत्तर आठवड्यात आलं, दुसरीचं कुठे गेलं देव जाणे. आणि तिसरं कारण, सांगायला लाज वाटते, मी. रेफरन्सला ईमेलवर लिंक येते, प्रश्नांची उत्तरं भरायची असतात, ती मेल माझ्या स्पॅममध्ये अकरा दिवस पडून होती आणि मी इकडे मित्रांना सांगत होतो की बघा कसा कारभार आहे.

ब्युरोक्रसीला शिव्या घालताना हे पण लिहिलं पाहिजे. ९७ मधले अकरा दिवस माझे आहेत.

मग पिस्तूल घेतलं, साधं नऊ एमएम, आणि त्यावर क्वालिफिकेशन. याची राज्याची एकच ठरलेली चाचणी आहे, ५० गोळ्या, ८० टक्के म्हणजे ४० निशाण्यावर पाहिजेत, शिवाय बळाचा वापर कधी करता येतो याचं शिक्षण. काका पहिल्या वेळी ३८ वर अडकले. मनगट मोडलेलं तेच, उजवं. दोन आठवडे रेंजवर जाऊन परत दिली, ४६. काका म्हणाले, "आमच्या वडलांकडं बारा बोअर होती, डुकरं हाकलायला, तिला नेम लागायचाच नाही, आवाजानंच काम व्हायचं." इलेक्शन आलं की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून पावती आणायची, ते काम लहानपणी काकांचं. म्हणजे बंदूक आणि कागद हे नातं त्यांना नवीन नव्हतंच. माझ्या मते या सगळ्या प्रवासातला सगळ्यात कामाचा भाग हाच, रेंज आणि ते शिक्षण. तो दोन आठवड्यांत उरकला. बाकीचे सगळे महिने गेले कागदात.

आता मुख्य अर्ज. ९ जुलै २०२४ ला काकांनी कॅरी परमिटचा अर्ज भरला, २०० डॉलर भरले, त्यातले १५० गावाला जातात आणि ५० राज्याला. चार रेफरन्स, नात्यातले नकोत, किमान तीन वर्षं ओळखणारे हवेत. मी, दुकानाचा अकाउंटंट, मॉलमधला पिझ्झावाला आणि मंडळातले एक रिटायर्ड गृहस्थ.

कायदा काय म्हणतो ते इथे नीट वाचा कारण सगळी गोम तिथेच आहे. अर्ज फाइल झाल्यापासून ९० दिवसांत चीफने हो किंवा नाही म्हणायचं. योग्य कारण असेल तर ३० दिवस वाढवता येतात पण अर्जदाराला लेखी कळवून आणि कारण सविस्तर देऊन. म्हणजे १२०. त्यापुढे अर्जदाराने स्वतः लेखी मान्य केलं तरच. आणि या मुदतीत काहीच उत्तर दिलं नाही तर अर्ज मंजूर झाला असं धरायचं. कागदावर वाचलं तर वाटतं अरे वा, आपल्याकडे तहसीलमध्ये असा नियम असता तर.

पण "फाइल झाल्यापासून" म्हणजे कधीपासून? काका म्हणतात पैसे भरले, पावती आली, ९ जुलै. खात्याचं म्हणणं, अपूर्ण अर्ज म्हणजे फाइल झालेला अर्जच नाही, तो पूर्ण झाला की त्या दिवसापासून मोजायचं. आणि पूर्ण झाला की नाही हे ठरवणार कोण, तर खातंच.

ऑगस्टमध्ये फोन आला, फोटोचा बॅकग्राउंड पांढरा नाही, क्रीम आहे. नवीन फोटो दिला. मग तीन आठवडे शांतता. काकांनी फोन केला तर कळलं की हे काम बघणारा डिटेक्टिव्ह एकच, तो बंदुकांचे अर्ज आठवड्यातून दोनच दिवस बघतो, उरलेले दिवस खरे गुन्हे, आणि आता तो सुट्टीवर आहे. खरं सांगायचं तर मला त्या माणसाची दया आली. ब्रुएननंतर अर्जांचा पूर आला, तपासायची यादी कायद्याने लांबवली, पण गावोगावच्या छोट्या खात्यांत माणसं तेवढीच. २०० डॉलरमधले दीडशे खरं तर या कामासाठीच गावाला मिळतात, ते कुठल्या खिशात जातात ते बजेट वाचणाऱ्यांनी शोधावं. (मॉनमथ काउंटीतल्या इंग्लिशटाउन नावाच्या छोट्या गावाने तर २०२५ मध्ये हे दीडशे डॉलर लोकांना परतच द्यायचं ठरवलं, मग आणखी काही गावं त्यांच्या मागे गेली.)

सप्टेंबरमध्ये रेफरन्सचे इंटरव्ह्यू सुरू झाले. मला फोन आला, दहा मिनिटं, प्रश्न चांगले होते: किती वर्षं ओळखता, राग येतो का, दारू पितात का (लिकर स्टोअरचा मालक आहे म्हटल्यावर तिकडून थोडं हसू आलं, काका आयुष्यात एक घोट प्यायलेले नाहीत), कधी कोणाला इजा करीन असं म्हणाले का. पण ते रिटायर्ड गृहस्थ तेव्हा गणपतीसाठी पुण्याला गेलेले, त्यांना फोन लागायचा तो तिथल्या रात्री साडेबाराला, अनोळखी अमेरिकन नंबर, त्यांनी तो स्कॅम समजून दोनदा कट केला आणि तिसऱ्यांदा ब्लॉक. डिटेक्टिव्हने नोंद केली, रेफरन्स उपलब्ध नाही. काकांना चौथा माणूस बदलावा लागला, नवीन नाव अर्जावर चढलं २४ सप्टेंबरला.

आणि खात्याच्या हिशोबात अर्ज पूर्ण झाला, म्हणजे घड्याळ सुरू झालं, ते त्या दिवशी. ९ जुलै ते २४ सप्टेंबर हे ७७ दिवस कुठल्याच हिशोबात नाहीत. ते फक्त काकांनी काढले.

हे आम्हाला कळलं कसं, तेही ऐका. ऑक्टोबरमध्ये काकांच्या हिशोबाने ९० दिवस संपले, तर ते आनंदात मला म्हणाले, "मंजूर झालं बघ, कायद्यानं." मी म्हटलं, काका, कार्ड कुठंय? इथेच त्या नियमाची मजा आहे. मंजूर झालं असं धरलं तरी ते धरणार कोण? रात्री रस्त्यात ट्रॅफिकवाल्याने थांबवलं आणि कमरेला पिस्तूल दिसलं तर त्याला तुम्ही कलम वाचून दाखवणार का की माझा अर्ज आपोआप मंजूर झालाय? तो म्हणणार, परमिट दाखवा. नाही दाखवलं तर वर लिहिलंय ते, ५ ते १० वर्षं. मग वर्षभराने जज म्हणेलही की अर्जदाराचं बरोबर होतं. तोवर दुकान कोण चालवणार? आपोआप मंजुरीचा नियम हा भांडायला चांगला आहे, वापरायला नाही.

वकिलाकडे गेलो. वकिलीणबाई हुशार, तिने कोर्टबिर्ट काही काढलं नाही, एक साधं पत्र लिहिलं, त्यात दोनच प्रश्न: अर्ज तुम्ही कोणत्या तारखेला फाइल झाला असं धरता, आणि त्याआधी तो अपूर्ण असल्याचं लेखी कधी कळवलं? उत्तर आठ दिवसांत आलं. २४ सप्टेंबर. लेखी कळवलं होतं का, याबद्दल पत्रात अक्षर नाही, कारण फोटोचं पण फोनवर आणि रेफरन्सचं पण फोनवर. तुम्ही कोणी यातून जाणार असाल तर एवढं एकच करा, फोन आला की लगेच स्वतः ईमेल टाका, "आत्ता आपलं असं असं बोलणं झालं", आणि अर्ज भरल्यावर आठवड्याने विचारा की अर्ज पूर्ण धरलाय का, तारीख सांगा. आम्ही हे ऑक्टोबरमध्ये शिकलो, जुलैमध्ये शिकायला पाहिजे होतं.

डिसेंबरच्या शेवटी मुदतवाढीची मेल आली, ३० दिवस. सविस्तर कारण: मानसिक आरोग्याचं रेकॉर्ड प्रलंबित. तेच रेकॉर्ड जे मे महिन्यात त्याच खात्याने त्याच माणसासाठी तपासून संपवलं होतं. ते परत का, तर हा वेगळा अर्ज आहे. बरं, सहा-सात महिन्यांत माणूस बदलू शकतो हेही खरं, परत तपासा, पण त्याच दुसऱ्या काउंटीचं उत्तर परत तेवढ्याच वेळाने यावं?

मुदतीचं हे सगळं कोणाला किरकोळ वाटेल म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो, ही सगळ्या पेपरांत आली होती. २०१५ साली याच राज्यात, बर्लिन टाउनशिपमध्ये, एका बाईने आधीच्या प्रियकराविरुद्ध कोर्टाची रिस्ट्रेनिंग ऑर्डर, म्हणजे जवळ यायची बंदी, घेतली होती, घराला कॅमेरे बसवले होते, आणि २१ एप्रिलला पिस्तूल घ्यायच्या परवानगीचा अर्ज केला होता. कायद्याची मुदत तेव्हाही ३० दिवसांचीच. ३ जूनला, अर्जाच्या ४३ व्या दिवशी, त्याने तिला तिच्याच घरासमोर भोसकून मारलं. अर्ज तेव्हा प्रलंबित होता. पिस्तूल असतं तर ती वाचली असती का हे मी सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकत नाही. पण तिची मुदत २१ मे ला संपली होती एवढं नक्की.

ब्रुएनच्या निकालात नवव्या तळटीपेत जस्टिस थॉमस यांनी हेच लिहून ठेवलंय, की परमिट पद्धत असायला हरकत नाही पण लांबलचक वेळ किंवा अवाच्या सवा फी लावून साध्या नागरिकाचा हक्क नाकारला जात असेल तर त्याला आव्हान देता येईल. त्याच जोरावर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात एका फेडरल जजने लॉस एंजेलिसच्या शेरीफला दीड वर्षाहून जास्त लटकलेल्या अर्जांवरून फटकारलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने त्याच शेरीफच्या ऑफिसवर दावा लावला. म्हणजे मार्ग आहे, पण तो काकांसाठी नाही, कारण मुदत मोडली हे दाखवायला आधी मुदत सुरू झाली हे दाखवावं लागतं.

आणि नदीपलीकडे बघा. डेलावेअर ओलांडली की पेनसिल्व्हेनिया, तिथे काउंटीचा शेरीफ देतो, २० डॉलर, ४५ दिवस, पाच वर्षांसाठी. काकांचा भाचा तिकडे राहतो, तो थँक्सगिव्हिंगला म्हणाला मामा माझं तर दोन आठवड्यांत आलं. पण त्याचं ते परमिट पुलाच्या अलीकडे शून्य, न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याच राज्याचं परमिट मानत नाही, चुकून पिस्तूल घेऊन पूल ओलांडला तर तोच सेकंड डिग्रीचा गुन्हा. दोन आठवडे बरे की हे महिनोन्‌महिने हा वाद जेवताना झाला, मी म्हटलं दोन्ही मला पटत नाहीत, दोघंही माझ्यावर चिडले.

काकांचं परमिट आलं २१ जानेवारी २०२५ ला. काकांच्या हिशोबाने १९६ वा दिवस, आयडी कार्डाच्या अर्जापासून मोजलं तर ३५० वा. खात्याच्या हिशोबाने ११९ वा. मुदत १२०. म्हणजे रेकॉर्डवर हे प्रकरण वेळेत निकाली निघालं, कुठे आकडेवारी काढली तर त्यात काकांचा अर्ज वेळेत झालेल्यांमध्येच दिसणार.

तोवर काकांनी रात्री कॅश बाहेर काढणं बंद केलं होतं, दुकानात जमिनीला बोल्ट केलेली तिजोरी बसवली आणि बँकेत सकाळी उजेडी अकाउंटंट बरोबर असताना जातात. ते चाळीस पावलं रिकाम्या हाताने चालतात. पिस्तूल त्याच तिजोरीत आहे, आणि कधी कमरेला लावलं का विचारलं तर म्हणतात, दोनदा, सीटबेल्ट लावताना टोचतं.

परमिट दोनच वर्षांचं आहे, जानेवारी २०२७ पर्यंत. नूतनीकरणाला परत तोच अर्ज, परत चार रेफरन्स, परत रेंज. काकांनी वर्षभर आधीच विचारून ठेवलंय, "तू आहेस ना रे?" मी हो म्हटलंय, आणि त्यांच्या देखत फोनमध्ये स्पॅम फोल्डर उघडून दाखवला.